खाऱ्या पाण्यात सुटणारी पेडॉटची फिल्म : डोपामीन कुठे घालायचं आणि कधी

मुंबईतल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा. पॉलिइमाइड या प्लॅस्टिकच्या पट्टीवर सोन्याचा थर आणि त्यावर पेडॉट:पीएसएसची फिल्म आहे (पेडॉट हा वीजवाहक पॉलिमर, पीएसएस हा त्याला पाण्यात विखुरलेला ठेवणारा आम्लधर्मी पॉलिमर). घामेजल्या त्वचेवरून विद्युत्संकेत घेण्यासाठी हा इलेक्ट्रोड वापरायचा आहे. कोरडी असताना फिल्म उत्तम चालते, पण फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, म्हणजे शरीरद्रवासारख्या खारट पाण्यात, ठेवली की दोन दिवसांत कडेपासून पापुद्रा निघावा तशी सुटते. खडकांना चिकटणाऱ्या शिनाण्यांच्या (एका जातीच्या शिंपल्यांच्या) गोंदाबद्दल वाचून तिने पेडॉटच्या डिस्पर्शनमध्येच (पाण्यात विखुरलेल्या कणांच्या द्रवातच) मिलीलिटरला २ मिलिग्रॅम डोपामीन हायड्रोक्लोराइड घातलं आणि ट्रिस हा अल्कलीधर्मी बफर घालून पीएच ८.५ वर नेला. मिश्रण नासलेल्या दुधासारखं फाटलं. जेवढं लावता आलं त्याचा रोध कित्येक पट वाढला. आता डोपामीन किती घ्यावं, की पेडॉट सोडून पॉलिपायरोल या दुसऱ्या वाहक पॉलिमरकडे वळावं, असं तिने विचारलं आहे.

डोपामीनचं प्रमाण कमी-जास्त करून हे सुटणार नाही. चूक क्रमात आहे, आणि तो क्रम शिनाण्याकडूनच नीट शिकता येतो.

कोकणच्या खडकांवरचे हिरवे शिनाणे लाटांचा मार खाऊनही जागा सोडत नाहीत, ते पायातून काढलेल्या धाग्यांच्या जोरावर. धाग्याच्या टोकाला एक छोटी चकती असते आणि तिच्यातल्या प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मायटिलस या परदेशी भाईबंदाच्या गोंदात ते असल्याचं हर्बर्ट वेट यांनी १९८१ साली दाखवलं. डोपाच्या वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात, त्या रचनेला कॅटेकॉल म्हणतात. चिकटण्याचं मुख्य काम कॅटेकॉल करतं, आणि डोपामीनमध्येही हेच कॅटेकॉल असतं. जवळच बसलेल्या लायसिनचा धनभार पृष्ठभागावरचे क्षारांचे आयन बाजूला सारतो आणि कॅटेकॉलला जागा करून देतो.

वाचताना बहुतेकांच्या हातून निसटतं ते पुढचं. शिनाणे पाय खडकावर दाबून खाली एक बंद पोकळी तयार करतात आणि ती आम्लधर्मी ठेवतात. गोंद त्या आम्लात सोडला जातो, म्हणजे कॅटेकॉलचं लगेच क्विनोन (ऑक्सिडेशन झालेलं रूप) होत नाही. गंधकयुक्त आणखी एक प्रथिन इलेक्ट्रॉन देऊन त्याला क्षपित स्थितीत राखतं. चिकटून झाल्यावर पाय उचलला जातो, सुमारे ८ पीएचचं समुद्राचं पाणी आत येतं आणि तेव्हा ऑक्सिडेशन आणि लोहाच्या बंधांनी गोंद घट्ट होतो. म्हणजे चिकटणं आम्लात आणि घट्ट होणं अल्कलीत, ही दोन कामं वेगळ्या वेळी होतात. तुम्ही ती एका बीकरमध्ये एकदम केलीत, शिवाय अल्कली अजिबात न मानवणाऱ्या पॉलिमरच्या सोबतीने.

२ मिलिग्रॅम, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५ हे आकडे हेशिन ली, फिलिप मेसरस्मिथ आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या पॉलिडोपामीनच्या (डोपामीनचे रेणू जुळून बनणाऱ्या थराच्या) कामातले आहेत. तिथे उघड्या पृष्ठभागावर लेप चढवायचा होता. वाहक पॉलिमरमध्ये मिसळण्यासाठी ती कृती नाही.

मिश्रण का फाटलं, याचा हिशोब मांडू. बाजारातल्या नेहमीच्या पेडॉट:पीएसएसमध्ये घन भाग साधारण १ ते १.३ टक्के, पेडॉटला अडीच पट पीएसएस आणि पीएच १.५ ते २.५ असतो. घन भाग १.१ टक्के धरला तर लिटरमध्ये पीएसएस सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे सल्फोनेट गट ४० मिलिमोलरच्या वर. या गटांचा ऋणभारच कणांना एकमेकांपासून लांब ठेवतो. एवढं आम्ल मारून ८.५ वर जायला १० मिलिमोलर ट्रिस पुरत नाही, म्हणजे तुम्ही त्याच्या कितीतरी पट घातलं असणार. ट्रिसचे धन आयन आणि डोपामीनचे धन अमोनियम (२ मिलिग्रॅम म्हणजे साडेदहा मिलिमोलर) यांनी कणांभोवतीचा भार झाकला गेला आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या.

रोध वाढण्याची कारणं वेगळी आहेत. पेडॉट वाहक असतो तो त्याच्या साखळीवर इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा असतात म्हणून. अल्कलीत या जागा कमी होतात. त्यात कॅटेकॉल स्वतः इलेक्ट्रॉन देणारं आहे आणि पीएच एकाने वाढला की त्याची ऑक्सिडेशनची पातळी सुमारे ५९ मिलिव्होल्टने खाली येते, म्हणजे ८.५ वर ते पेडॉटला इलेक्ट्रॉन फार सहज देतं आणि त्या जागा भरून टाकतं. शेवटी उरलेल्या कणांच्या मधोमध पॉलिडोपामीन जमा होतं, आणि ते जवळपास विद्युतरोधकच असतं. यातलं पहिलं नुकसान पुन्हा आम्ल देऊन थोडं भरून निघतं, पण कणांमध्ये बसलेलं पॉलिडोपामीन काही केल्या निघत नाही.

आता मुळात फिल्म सुटते का ते पाहू. जास्तीचं पीएसएस पाणी पिऊन फुगतं आणि सोनं फुगत नाही. त्यामुळे दोघांच्या सांध्यावर ताण येतो, कडेची फट उघडते आणि पाणी आत सरकत जातं. दुरुस्ती म्हणून डोपामीन सगळ्या फिल्मभर हवं असं नाही. ते सांध्यावर हवं, तेही अगदी पातळ.

तुमच्या इलेक्ट्रोडसाठी पॉलिडोपामीनचा प्रायमर, म्हणजे खालचा अस्तराचा थर, आणि त्यावर जीओपीएस हे जोडणारं रसायन घातलेला पेडॉट, हीच वाट मी सुचवेन.

सोनं आधी स्वच्छ हवं. २ टक्के प्रयोगशाळेच्या डिटर्जंटमध्ये, मग डीआयॉनाइज्ड पाण्यात, मग आयसोप्रोपॅनॉलमध्ये प्रत्येकी १० मिनिटं सोनिकेट करा (श्रवणातीत ध्वनीने धुवा). नायट्रोजनने वाळवून १५ मिनिटं यूव्ही-ओझोन द्या आणि अर्ध्या तासाच्या आत पुढची पायरी घ्या. स्वच्छ सोनं हवेतले सेंद्रिय अंश फार लवकर धरतं. नळाचं पाणी कुठेही वापरू नका. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि क्लोरीन कॅटेकॉलचं ऑक्सिडेशन करतं.

१०० मिली पाण्यात १२१ मिलिग्रॅम ट्रिस विरघळवा आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८.५ करा. इथे मुंबईचं हवामान आड येतं. ट्रिसचा पीएच एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०२८ ने उतरतो. एसी चालू असताना २५ अंशांवर ८.५ केलेलं द्रावण एसी बंद झाल्यावर ३२ अंशांवर ८.३ होतं, आणि त्याच वेळी उष्णतेने डोपामीनची अभिक्रिया मात्र वेग घेते. म्हणून पीएच ज्या तापमानाला लेप चढवणार त्याच तापमानाला लावा आणि बीकर २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. सोमवारची आणि गुरुवारची बॅच जुळत नाही अशी तक्रार असेल तर पहिला संशय तापमानावर घ्या.

डोपामीन हायड्रोक्लोराइड २०० मिलिग्रॅम, सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर झाकण उघडताच आत दव धरतं आणि पुढच्या महिन्यात पावडर तपकिरी दिसते. पावडर पांढरी असेल तरच वापरा.

बीकर रुंद तोंडाचा घ्या, झाकू नका आणि हळू ढवळत ठेवा, कारण अभिक्रियेला हवेतला ऑक्सिजन लागतो. नमुना उभा टांगा किंवा सोन्याची बाजू खाली करून ठेवा. सपाट वर तोंड करून ठेवला तर द्रावणात तयार झालेले काळे कण त्यावर बसतात. ते कण चिकटलेले नसतात, नुसते बसलेले असतात, आणि नंतर नेमके तिथूनच पेडॉटचे पोपडे निघतात. द्रावण आधी फिकट गुलाबी-नारिंगी होईल, मग तपकिरी, मग काळपट. ४५ मिनिटांनी नमुना काढा. २४ तास ठेवाल तर थर सुमारे ५० नॅनोमीटरपर्यंत जाईल आणि सोनं आणि पेडॉट यांच्यात तुम्ही स्वतःच्या हाताने रोधक भिंत बांधलेली असेल. इथे आपल्याला काही नॅनोमीटरच हवेत. काढल्यावर पाण्याने धुवा, २ मिनिटं पाण्यात सोनिकेट करून सैल कण घालवा आणि ६० अंशांवर १० मिनिटं वाळवा.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. टायटॅनियमवरच्या किंवा आयटीओसारख्या (पारदर्शक वाहक) ऑक्साइडवर कॅटेकॉल धातूच्या अणूशी थेट बंध करतं आणि पकड जबर असते. सोन्यावर तसा ऑक्साइड नसतो, म्हणून एकटा रेणू तिथे तितका घट्ट बसत नाही. पॉलिडोपामीनचा अखंड थर तिथे टिकतो तो अमिनो गट, सुगंधी वलयं आणि थराच्या अंतर्गत जोडणीमुळे. म्हणून सोन्यावर नुसतं डोपामीन आम्लात बुडवून धुतलं तर फारसा उपयोग होत नाही, आयटीओवर होऊ शकतो. इलेक्ट्रोडचा आराखडा अजून हातात असेल तर आयटीओचा विचार जरूर करा.

वरच्या थरासाठी पेडॉट:पीएसएस १० मिली, इथिलीन ग्लायकॉल ०.५ मिली, आणि द्रव नीट पसरावा म्हणून डोडेसिल बेंझीन सल्फोनिक आम्लाचे एक-दोन छोटे थेंब. १० मिनिटं ढवळा आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. त्यानंतर जीओपीएस १०० मायक्रोलिटर, म्हणजे १ टक्का. जीओपीएस म्हणजे एका टोकाला इपॉक्सी आणि दुसऱ्या टोकाला सिलेन असलेला रेणू. इपॉक्सी टोक पीएसएसला धरतं आणि खाली पॉलिडोपामीनच्या अमिनो आणि हायड्रॉक्सिल गटांनाही धरतं, तर सिलेनची टोकं आपसात जुळून जाळं करतात. प्रायमर आणि जीओपीएस एकेकटे वापरले तर दोन्ही अर्धवट काम करतात. जीओपीएसमुळे वाहकता घटते, हे आधीच धरून चाला. ०.५ टक्क्यावर फिल्म टिकत असेल तर १ टक्का कशाला घालायचा? जीओपीएस घातल्यावर मिश्रण त्याच दिवशी संपवा, रात्रभरात ते दाटू लागतं.

मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ६० सेकंद स्पिन करा (गरगर फिरवून पातळ पसरवा) आणि १३० अंशांवर ४५ मिनिटं भाजा. पॉलिइमाइडला हे तापमान सहज सोसतं. मग फिल्म रात्रभर डीआयॉनाइज्ड पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी दोनदा बदला. यात सैल पीएसएस निघून जातं. जी फिल्म इथेच सुटते तिच्यावर पुढचे दोन आठवडे घालवू नका. नमुने त्वचेवर किंवा पेशींवर जाणार असतील तर हे धुणं आणखी महत्त्वाचं, कारण उरलेलं मोकळं डोपामीन हवेत ऑक्सिडाइज होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं.

पॉलिपायरोलचं विचाराल तर तिथे गोष्ट वेगळी आहे, कारण पायरोल आणि डोपामीन आम्लात एकत्र राहू शकतात. विद्युत-बहुवारिकरणाने, म्हणजे व्होल्टेज देऊन पॉलिमर घडवून, थेट सोन्यावर थर वाढवता येतो. पायरोल ०.१ मोलर (१०० मिलीला ०.६९ मिली), सोडियम पी-टोल्युइन सल्फोनेट ०.१ मोलर, डोपामीन हायड्रोक्लोराइड ०.०१ मोलर (१०० मिलीला १९० मिलिग्रॅम). पीएच मुद्दाम वाढवायचा नाही. १५ मिनिटं नायट्रोजन सोडा आणि सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.७५ ते ०.८ व्होल्ट द्या. वेळ बघून थांबू नका, भार मोजून थांबा : दर चौरस सेंटिमीटरला २०० मिलिकूलॉम म्हणजे साधारण अर्धा ते एक मायक्रॉन. १ व्होल्टच्या दिशेने गेलात तर पाण्यात पॉलिपायरोलची साखळीच अति-ऑक्सिडेशनने तुटू लागते आणि फिल्म दिसायला तशीच राहून वाहकता हरवते.

यात डोपामीन पायरोलच्या बरंच आधी, कमी व्होल्टला ऑक्सिडाइज होतं. म्हणून त्याचं प्रमाण वाढवलं तर इलेक्ट्रोडवर आधी रोधक थर बसतो आणि प्रवाह काही सेकंदांत कोसळतो. पायरोल-डोपामीन १०:१ पासून सुरुवात करा, ५:१ च्या पुढे जाऊ नका. प्रवाह-वेळ आलेखात सुरुवातीचा उतार संपून रेघ पुन्हा चढली तर थर नीट वाढतोय. रेघ उतरतच राहिली तर डोपामीन जास्त झालं आहे किंवा पायरोल जुनं आहे. पायरोल रंगहीन हवं. चहासारखं दिसत असेल तर कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करा किंवा निदान बेसिक ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून काढा आणि नायट्रोजनखाली, अंधारात, उणे २० अंशांवर ठेवा. काम फ्यूम हूडमध्येच करा. पायरोलचा फ्लॅश पॉइंट ३९ अंशांच्या आसपास आहे आणि मे महिन्यात बंद खोली त्याच्या फार खाली नसते.

फेरिक क्लोराइडने रासायनिक पद्धतीने पॉलिपायरोल करायचा मोह होईल, तो टाळा. कॅटेकॉलला तीन-भारी लोहाची भारी ओढ आहे. आम्लात एका लोहाला एक कॅटेकॉल धरतं आणि रंग हिरवट दिसतो, पीएच वाढला की दोन आणि मग तीन धरतात आणि रंग जांभळ्याकडून लालसर होत जातो. शिनाण्याला हे बंध उपयोगी पडतात, कारण चिकटणं आधीच उरकलेलं असतं. तुमच्या बीकरमध्ये मात्र कॅटेकॉल पृष्ठभागाला भेटण्याआधीच लोहात गुंतून बसतं. फेरिक क्लोराइडच वापरावं लागलं तर पॉलिपायरोल ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुण्याचं पाणी रंगहीन होईपर्यंत धुवा आणि कॅटेकॉल त्यानंतर आणा. लोह किती उरलं हे पाहायचं असेल तर पवईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुनेही शुल्क भरून तपासून मिळतात.

पॉलिॲनिलीन हा आणखी एक वाहक पॉलिमर, पण तो तुमच्या कामाला नको. पीएच ४ च्या वर ते वाहक राहत नाही आणि तुमचं सलाइन ७.४ चं आहे. हायल्युरोनिक आम्लावर किंवा अल्जिनेटवर डोपामीन जोडून ते डोपंट म्हणून, म्हणजे वाहक साखळीचा धनभार तोलण्यासाठी, वापरण्याची वाटही आहे. पण ती जोडणी पीएच ५ ते ५.५ वर करावी लागते, डायलिसिस आम्लयुक्त पाण्यात, आणि हे द्रावण पीएच २ च्या पेडॉट डिस्पर्शनमध्ये ओतलं तर अल्जिनेटचा जेल होतो. विद्युत-बहुवारिकरणाच्या सौम्य बाथमध्येच ते जमतं. पहिल्या दोन वाटा जमल्याशिवाय तिकडे वळू नका.

चाचणीबद्दल थोडं आग्रहाने लिहितो, कारण बहुतेक चुकीचे निष्कर्ष इथे निघतात. कोरड्या फिल्मवर चिकटपट्टी लावून ओढली आणि काही निघालं नाही, याला अर्थ नाही. तुमची फिल्म कोरडी असताना आधीही निघत नव्हती. ३७ अंशांच्या सलाइनमध्ये ७ दिवस ठेवा, बाहेर काढून कागदाने टिपा, आणि ओलसर असतानाच ब्लेडने १ मिलिमीटर अंतरावर ११ उभ्या आणि ११ आडव्या रेघा मारून पट्टी लावा. सोबत तीन तुलनेचे नमुने हवेत : काहीच नसलेला, फक्त प्रायमरचा, फक्त जीओपीएसचा. हे तिन्ही नसतील तर कशामुळे टिकलं हे कधीच कळणार नाही.

थराचा रोध फोर-प्रोबने मोजा. यंत्र नसेल तर लॅमिंग्टन रोडवरून स्प्रिंगच्या चार पिना आणून समान अंतरावर एका ओळीत बसवा. बाहेरच्या दोन पिनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज, आणि व्होल्टेज भागिले प्रवाह गुणिले ४.५३. हा आकडा पिनांच्या अंतरापेक्षा फिल्म बरीच मोठी असेल तरच चालतो, आणि मोजणी काचेवरच्या फिल्मवर करायची, सोन्यावरच्या नाही, नाहीतर तुम्ही सोनं मोजाल. १०० नॅनोमीटरची, ५०० सीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेची फिल्म २०० ओम प्रति चौरस दाखवते. काही हजारांत आकडा आला तर इथिलीन ग्लायकॉल घालायचं राहून गेलं किंवा भाजणं अपुरं झालं असं समजा.

इलेक्ट्रोडवरचा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) १ किलोहर्ट्झ आणि १ हर्ट्झ या दोन्ही ठिकाणी, सलाइनआधी आणि नंतर नोंदवा. फक्त १ हर्ट्झवर वाढला तर फिल्मचा काही भाग गेला आहे किंवा विद्युतदृष्ट्या मेला आहे. १ किलोहर्ट्झवरही वाढला तर वाटेत कुठेतरी रोध आला आहे, म्हणजे तडा किंवा जाड प्रायमर. प्रायमर जाड झाला असेल तर हा आकडा सलाइनमध्ये जाण्याआधीच, पहिल्या दिवसापासून जास्त असतो. तडा नंतर वाढत जातो.

काळी पडलेली काचेची भांडी पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये किंवा पातळ ब्लीचमध्ये भिजवली की स्वच्छ होतात. ब्लीच आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. पॉलिडोपामीन अल्कलीत निघून जातं, याच कारणाने प्रायमर लावलेले नमुने तीव्र अल्कलीने कधी पुसू नका, थर विरघळून जातो. पेडॉटची बाटली २ ते ८ अंशांत ठेवा पण फ्रीझरला चिकटवून नाही, एकदा गोठलेलं डिस्पर्शन पुन्हा जुळत नाही.

नवीन काही करण्याआधी एक काम करा. सुटलेले जुने नमुने टाकले नसतील तर त्यांची सोन्याची बाजू आणि निघालेल्या पापुद्र्याची खालची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सोनं लख्ख पिवळं दिसलं तर सांधा तुटला आहे, तिथे वरचा प्रायमर उपयोगी पडेल. सोन्यावर निळसर थर उरला असेल तर फिल्म आतूनच फाटली आहे. अशा वेळी डोपामीनला हात न लावता आधी फक्त जीओपीएसचे नमुने करून पाहा.